यादी छोटी करा, पण दिलेला शब्द पाळा

जानेवारी २०२५ मधली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मी संख्याशास्त्रात एम.एस. करत होते आणि तिथल्या खेळाडूंच्या अभ्यास केंद्रात तासावर शिकवणी घ्यायचे. मिरजेहून गेलेली, डोक्याला स्कार्फ बांधणारी मी आणि समोर सव्वासहा फूट उंचीचे, शंभर-सव्वाशे किलो वजनाचे फुटबॉलपटू! सुरुवातीला दोन्हीकडे अवघडल्यासारखं व्हायचं. मग गणितं सोडवता सोडवता ते निघून गेलं.

त्यांतला एक मुलगा तिसऱ्या वर्षाला होता. आठवड्यातून दोनदा यायचा, वेळेवर यायचा. नव्या सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तो आला नाही. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, "मी खाली दाराशीच उभा आहे. माझं कार्ड चालत नाही." मी खाली गेले तेव्हा कळलं, की त्याला संघातून काढलं आहे. तो नापास झाला नव्हता, त्याला दुखापत नव्हती, त्याच्याविरुद्ध शिस्तीची तक्रारही नव्हती. पुढच्या हंगामासाठी यादी १०५ वर आणायची आहे आणि त्यात तुझं नाव बसत नाही, एवढंच कोचने पाच मिनिटांत सांगितलं होतं. अभ्यास केंद्र यादीतल्या खेळाडूंसाठीच होतं. नाव गेलं, कार्ड बंद झालं.

हा १०५ चा आकडा आला कुठून, हे मी त्यानंतर वाचत गेले. वाचून माझं मत असं झालं, की मर्यादा घालण्यात काही चूक नाही. पण मर्यादा आली की तिचा भार दर वेळी सगळ्यात कमजोर मुलाच्या खांद्यावर टाकला जातो आणि त्याला दिलेला शब्द मोडला जातो. ते चूक आहे. ही गोष्ट अमेरिकेतली असली तरी तुम्ही ती शेवटपर्यंत वाचावी असं मला वाटतं. कारण शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या घराघरांत रोजचा आहे.

आधी हा खेळ समजून घेऊ. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचं, फेकायचा आणि समोरच्याला अंगावर जाऊन पाडायचं, असा तो खेळ आहे. मैदानात एका वेळी ११ जण असतात. पण चढाईचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे आणि लाथ मारण्याच्या डावांसाठी आणखी काही वेगळे. दुखापती पुष्कळ होतात. त्यामुळे संघ मोठा लागतो हे खरंच. तरीही व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, संघाची मुख्य यादी ५३ जणांची असते. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत मात्र शंभर-सव्वाशे मुलं असायची.

या खेळात पैसा किती आहे? मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. आपल्या वानखेडेत साधारण ३३ हजार माणसं बसतात. म्हणजे तीन वानखेडे एकत्र केली तरी मिशिगनचं स्टेडियम मोठंच. तिकिटं, टीव्हीचे हक्क, देणगीदार, सगळीकडून पैसा येतो. पण खेळणाऱ्या मुलांना पगार द्यायचा नाही, असा विद्यापीठीय खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संस्थेचा नियम होता. त्यांना मिळायची ती शिष्यवृत्ती: फी, राहणं, जेवण, पुस्तकं. म्हणजे नाव शिष्यवृत्तीचं आणि काम मजुरीचं. गरीब घरातल्या मुलासाठी कॉलेजला जायचा तोच एक रस्ता असायचा. म्हणून एका संघाला किती शिष्यवृत्त्या देता येतील, हा आकडा तिथे इतका महत्त्वाचा.

१९७३ पर्यंत देशभर लागू होईल अशी मर्यादाच नव्हती. श्रीमंत विद्यापीठं वाटेल तेवढी मुलं घ्यायची. ती सगळी खेळणार नाहीत हे माहीत असायचं, पण आपल्याकडे बाकावर बसलेला मुलगा निदान प्रतिस्पर्ध्याकडे तरी जात नाही, असा तो हिशेब होता. १९७३ मध्ये एनसीएएने १०५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा घातली. १९७८ मध्ये ती ९५ झाली. पुढे १९९२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करत १९९४ मध्ये ती ८५ वर आली. त्याखालच्या पातळीच्या विद्यापीठांना ६३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती.

याचा फायदा झाला, हे मान्य करायला हवं. मोठ्यांच्या बाकावर सडणारी मुलं छोट्या विद्यापीठांत जाऊन खेळू लागली. १ सप्टेंबर २००७ रोजी खालच्या पातळीवरचा ॲपलेशियन स्टेटचा संघ मिशिगनच्या त्याच प्रचंड स्टेडियममध्ये गेला आणि एक लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर ३४-३२ ने जिंकून आला. ६३ शिष्यवृत्त्यांचा संघ ८५ च्या संघाला हरवू शकतो, हे देशाने पाहिलं. एकाच ठिकाणी साठलेली संपत्ती थोडी वाटली गेली की काय होतं, याचं हे सोपं उदाहरण आहे. त्यामुळे मर्यादाच नको, असं मी म्हणणार नाही.

पण त्याच १९७३ सालात एनसीएएने दुसराही एक निर्णय घेतला होता. आधी विद्यापीठाला चार वर्षांची शिष्यवृत्ती देऊ करता यायची. ती बंद करून शिष्यवृत्ती एकाच वर्षाची केली आणि दर वर्षी नूतनीकरण विद्यापीठाच्या मर्जीवर ठेवलं. हे दोन नियम एकत्र वाचा. संघाला आकड्याची मर्यादा, आणि मुलाच्या हातात फक्त एका वर्षाचा कागद. यातून जे तयार झालं त्याला तिथे रोस्टर मॅनेजमेंट म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर नवा चांगला मुलगा आणायचा असेल तेव्हा जुन्याला उठवून जागा करायची.

हिशेब अगदी सोपा आहे. एका वर्षी जास्तीत जास्त २५ नवे खेळाडू शिष्यवृत्तीवर घ्यायची मुभा होती. २५ गुणिले ४ म्हणजे १००. मर्यादा मात्र ८५. मुलाला एक वर्ष न खेळवता थांबवून पाचव्या वर्षापर्यंत ठेवता यायचं, ते धरलं तर १२५. मधल्या काळात काही जण आपणहून जातात, काही नापास होतात, हे खरं. पण तेवढे गेले नाहीत तर? तर घालवावे लागतात. कोच फेब्रुवारीत नव्या मुलांच्या सह्या घेतो आणि ऑगस्टपर्यंत जुन्यांतली माणसं कमी करतो.

त्याच्या पद्धतीही ठरलेल्या. एखाद्याला बोलावून सांगायचं, "इथे तुला खेळायला मिळणार नाही, दुसरीकडे बघ." एखाद्याला वैद्यकीय कारणाने खेळायला अपात्र ठरवायचं, मग त्याची शिष्यवृत्ती चालू राहते, पण ती ८५ मध्ये मोजली जात नाही आणि त्या संघात त्याचं खेळणं कायमचं संपतं. आपण खेळू शकत असतानाही आपल्यावर यासाठी दबाव आला, अशा माजी खेळाडूंच्या तक्रारी २०१० मध्ये वर्तमानपत्रांत छापून आल्या. आणि नव्या मुलाला ऐनवेळी सांगायचं, की जागा नाही, आता जानेवारीत ये. त्याला ग्रेशर्ट म्हणतात. दरम्यान त्या मुलाने बाकीच्या विद्यापीठांना नाही म्हणून टाकलेलं असतं.

२००९ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाने एकाच वर्षी ३७ मुलांच्या सह्या घेतल्या. त्यावर ओरड झाली, तेव्हा त्यांच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्सने २८ ची आणि २०११ मध्ये २५ ची मर्यादा घातली. म्हणजे इथेही आकड्यावर आकडा बसवला गेला. बाहेर काढलेल्या मुलाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

जोसेफ ॲग्न्यू हा मुलगा २००६ मध्ये राइस विद्यापीठात फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर गेला. पुढे कोच बदलला, त्याला दुखापती झाल्या आणि शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली नाही. तो एनसीएएविरुद्ध कोर्टात गेला. एका वर्षापेक्षा जास्त मुदतीची शिष्यवृत्ती देऊच नका, अशी सगळ्या विद्यापीठांनी मिळून केलेली बंदी स्पर्धेच्या कायद्याविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये अपील कोर्टानेही त्याचा दावा फेटाळला. कोणत्या बाजारपेठेतली स्पर्धा रोखली गेली, ते त्याच्या दाव्यात नीट मांडलेलं नाही, असं कारण दिलं. पण त्याच सुमारास एनसीएएने बहुवर्षीय शिष्यवृत्तीवरची बंदी उठवली.

त्यानंतर जे झालं ते वाचून मी खरंच थक्क झाले. बंदी उठवण्याचा हा निर्णय रद्द करावा म्हणून विद्यापीठांनी मतदान मागितलं. लक्षात घ्या, चार वर्षांची शिष्यवृत्ती द्या अशी सक्ती कोणी केली नव्हती. ज्याला द्यायची असेल त्याने द्यावी, एवढीच परवानगी होती. तरी ३३० पैकी २०५ मतं परवानगीच्या विरोधात पडली. रद्द करायला ६२.५ टक्के मतं लागत होती, मिळाली ६२.१२ टक्के. दोन मतांनी परवानगी वाचली. विद्यार्थ्याला चार वर्षांचा शब्द देणं शिक्षणसंस्थांना इतकं जड का जावं?

शब्द पाळायला पैसा नसतो, असंही नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंबो फिशर या आपल्या फुटबॉल कोचला काढून टाकलं. करार मोडल्याबद्दल त्याला द्यायची रक्कम होती सुमारे ७.६ कोटी डॉलर. संघ जिंकत नाही म्हणून काढलेला माणूस, पण त्याच्याशी केलेल्या करारातला डॉलरन् डॉलर मोजला जातो. कारण त्याच्यामागे वकील आहेत आणि हातात पक्का कागद आहे. अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात असतो कोचने घरी येऊन, आईसमोर बसून दिलेला शब्द. एकाच व्यवस्थेत दोन शब्दांची किंमत इतकी वेगळी असावी, हे मला पटत नाही.

सुधारणा झाल्याच नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१५ मध्ये सर्वांत मोठ्या पाच कॉन्फरन्सनी ठरवलं, की नीट खेळत नाही या कारणाने शिष्यवृत्ती काढायची नाही. २०२४ पासून हे संरक्षण सगळ्या पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांना लागू झालं. २०२१ पासून मुलांना जाहिरातींतून पैसे मिळवता येतात. संघ बदलला की एक वर्ष बाहेर बसण्याची अटही आता गेली.

आणि ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. ग्रँट हाउस या जलतरणपटूच्या नावाने ओळखला जाणारा हा खटला. त्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई मिळेल आणि प्रत्येक विद्यापीठ पहिल्या वर्षी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंमध्ये थेट वाटू शकेल. शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी संघाच्या यादीची मर्यादा आली. फुटबॉलसाठी ती १०५. म्हणजे आता ८५ च्या जागी १०५ मुलांनाही पूर्ण शिष्यवृत्ती देता येईल. ऐकायला ही चांगलीच बातमी आहे.

पण माझा विद्यार्थी शिष्यवृत्तीवर नव्हताच. तो वॉक-ऑन होता. वॉक-ऑन म्हणजे आपल्या पैशाने फी भरून संघात सराव करणारा. पहाटे पाचला व्यायामशाळा, सरावात पुढच्या सामन्यातल्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची, मुख्य खेळाडूंचे धक्के अंगावर घ्यायचे आणि एक दिवस शिष्यवृत्ती मिळेल या आशेवर राहायचं. ही आशा अगदीच खोटी नसते. २०१७ ची हाइजमन ट्रॉफी जिंकणारा बेकर मेफिल्ड वॉक-ऑन होता. जॉर्जियाला सलग दोनदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा स्टेटसन बेनेट वॉक-ऑन म्हणूनच आला होता. माझ्या विद्यार्थ्यालाही "पुढच्या वर्षी तुझं काम करू" असं सांगितलं होतं. तोंडी.

तडजोड मंजूर होण्याआधीच, २०२४-२५ मध्ये, अनेक विद्यापीठांनी मुलं कमी करायला सुरुवात केली होती. एप्रिल २०२५ मध्ये न्यायाधीश विल्कन यांनी यावर बोट ठेवलं: ज्यांच्या जागा या मर्यादेमुळे जात आहेत त्यांची सोय केल्याशिवाय तडजोड मंजूर होणार नाही. मग दुरुस्ती झाली. या मर्यादेमुळे ज्यांना काढलं किंवा काढलं असतं, ते परत आले तर १०५ मध्ये मोजले जाणार नाहीत. चांगली दुरुस्ती, पण विद्यापीठ त्यांना परत घेऊ शकेल, एवढंच तिच्यात आहे. घेतलंच पाहिजे, असं नाही. माझ्या विद्यार्थ्याने जून आणि जुलै फोनची वाट पाहिली. फोन आला नाही.

गेल्या पन्नास वर्षांचा धडा मला इथे दिसतो. आधी शिष्यवृत्ती मोजली जायची, तेव्हा शिष्यवृत्तीवरची मुलं हलवली गेली. शिष्यवृत्तीला संरक्षण मिळालं, तर आता यादी मोजली जाते आणि यादीतली मुलं हलवली जातात. मोजायची वस्तू बदलली तरी उठवला जातो तो ज्याच्याकडे लेखी काही नाही तोच.

यावर दोन आक्षेप मी तिथे वारंवार ऐकले. पहिला असा, की हा स्पर्धेचा खेळ आहे, कमी पडेल त्याला जावं लागणारच. मला हे मान्य आहे, पण मैदानापुरतं. कोचने कोणाला खेळवावं हा त्याचा अधिकार आहे. पण विद्यापीठाने मुलाला विद्यार्थी म्हणून आणलं आहे. कर चुकवताना आणि कामगार कायदे टाळताना तेच त्याला विद्यार्थी म्हणतात. मग बाहेर काढतानाही तो विद्यार्थीच आहे, हे आठवायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आता खेळाडूच दर वर्षी संघ सोडून जातात, मग विद्यापीठानेच का बांधून घ्यावं? खरं आहे, दुसरीकडून जास्त पैसे आले की निघून जाणारे मुलगे आहेत. जो आपणहून गेला त्याच्याबाबतीत विद्यापीठाचा शब्द संपला, हे मीही मानते. पण जो राहू इच्छितो, ज्याने आपली बाजू पाळली आहे, त्याला दुसऱ्याच्या जाण्याची शिक्षा कशासाठी? शिवाय बाजारात किंमत असलेल्यालाच बाजार मोकळा असतो. तिसऱ्या वर्षाच्या वॉक-ऑनला कोण बोलावणार? कॉलेज बदलून क्रेडिट बुडवण्यापेक्षा खेळ सोडणंच त्याला परवडतं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. यादी छोटी करायची असेल तर दारातून आत घेताना करा, घरात आलेल्याला उठवून नको. यंदा २५ ऐवजी १५ मुलं घ्या. तीन-चार वर्षांत यादी आपोआप १०५ वर येईल आणि कोणाचंही नाव खोडावं लागणार नाही. ज्याला एकदा घेतलं त्याचं पदवीपर्यंतचं शिक्षण आणि अभ्यासाची मदत खेळापासून वेगळी ठेवा. संघातून नाव गेलं तरी अभ्यास केंद्राचं कार्ड चालू राहू द्या. आणि वॉक-ऑनला जे सांगायचं ते लेखी सांगा. हे केल्याने कोच एखाद-दुसरा सामना हरेल कदाचित. पण शिक्षणसंस्थेचा शब्द म्हणजे अमानत आहे, आणि सामना जिंकायला अमानत मोडायची नसते.

आता आपल्याकडे वळते, कारण हे मी बाहेरची पाहुणी म्हणून लिहिलेलं नाही. २०२२ च्या डिसेंबरमध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद होत असल्याचं सरकारने लोकसभेत सांगितलं, तेव्हा माझ्या मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर एकच प्रश्न होता: ज्यांची चालू आहे त्यांचं काय? माझ्या विद्यार्थ्याने दाराशी उभं राहून विचारलेला प्रश्नही तोच होता.

सरकारला हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो आपल्या संस्थांनाही विचारायला हवा. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा गावातल्या एका ट्रस्टने माझी फी भरली, अब्बांना बोलावून सत्कार केला, फोटो काढले. दुसऱ्या वर्षी सांगितलं, "यंदा नवीन मुलांना संधी द्यायची आहे." अब्बांनी उसने पैसे आणले आणि माझं निभावलं. माझ्याबरोबरच्या एका मुलीचं निभावलं नाही. ट्रस्टची नियत वाईट नव्हती. यादीत दर वर्षी नवी नावं दिसली की अहवाल चांगला दिसतो, इतकंच. पन्नास मुलांना एकेक वर्ष देण्यापेक्षा पंधरा मुलांना पदवीपर्यंत देणं, हे काम कमी दिसेल, पण पूर्ण होईल.

तुमच्यापैकी अनेक जण उद्या अशा समित्यांवर बसणार आहात. काही जण आजच बसला असाल. यादी करताना नव्या नावांआधी जुनी नावं वाचा. ज्याला गेल्या वर्षी हो म्हटलं त्याचं शिक्षण कुठपर्यंत आलं, ते विचारा, आणि त्याची सोय झाल्यावर उरतील तेवढ्याच नव्या जागा जाहीर करा.

त्या मुलाला मी नंतर ग्रंथालयात शिकवत राहिले. मार्च होता, रमजान चालू होता. मगरिबच्या आधी आम्ही वह्या मिटायचो. संख्याशास्त्रात तो चांगल्या गुणांनी पास झाला. पुढच्या वर्षी त्याने रात्री गोदामात काम करून फी भरली. फुटबॉल तो आता खेळत नाही.